केओबाईला विचारलं का?

डिंपल : अकरा? नाना, बारा दिवस, तीन देश, आणि फोटो अकरा?

नाना : बारा व्हते. एक आंगठ्याचा निंघाला.

डिंपल : आणि मॅडमचे किती, माहीत आहे?

ज्योत्स्ना : तीन हजार आठशे बारा. त्यातले धड असे सत्तर असतील.

नाना : तुमचं बरं व्हतं बाई. तुम्ही कोनाले इचारत नव्हत्या. मले एकेका मानसामागं अर्धा घंटा लागे.

डिंपल : अर्धा? हनोईत तुमच्या एका फोटोसाठी बस पाऊण तास उभी होती. एकोणीस माणसं आत घामाघूम. सगळ्यांनी मलाच बोल लावले.

नाना : तो न्हावी व्हता. पोरीचं लगन जमत नव्हतं त्याच्या. रडकुंडीले आलेला मानूस, त्याले मधीच म्हनू का, थांब भाऊ, फोटो काहाडतो?

(जळगाव. फोटो प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीची सकाळ. रिकाम्या सभागृहात फ्रेमा भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. वडिलांच्या फोटो स्टुडिओतर्फे फोटोग्राफीची सहल नेणारी डिंपल, धुळ्याच्या निवृत्त शिक्षिका ज्योत्स्ना आणि सावद्याकडचे केळीबागाईतदार उखर्डू नाना सतरंजीवर बसले आहेत.)

डिंपल : पण तुम्हाला व्हिएतनामी कुठे येते?

नाना : त्याले तरी आपली कुठी येत व्हती? बरोबरी झाली. आन् नियम तुह्याच कागदावर व्हता, पोरी. सूनबाईनं वाचून दाखोला. 'माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नये.' नियम चौथा.

डिंपल : अहो, विचारायचं म्हणजे कॅमेरा दाखवायचा. समोरच्यानं मान हलवली, की काढायचा.

नाना : ते इचारनं झालं का? मंडप दिसला म्हनून पंगतीत जाऊन बसनं झालं ते. गाव कोनतं, घरी कोन कोन, औंदा पानी कसं, हे काही नही, आन् डायरेक फोटो?

ज्योत्स्ना : वीस जणांत नियम पाळणारे तुम्ही एकटेच निघालात, नाना.

डिंपल : मॅडम, तुम्ही त्यांना चढवू नका. आज संध्याकाळपर्यंत प्रत्येकाचे तीन फोटो टांगायचेत. नानांचे तीन निवडा बघू.

ज्योत्स्ना : हा न्हावी घेऊ. नाना, पण हा एवढासा दिसतो. वर हे दीड हात आभाळ, खाली फरशी. चार पावलं पुढे गेला असतात तर?

नाना : पाय तुटले असते त्याचे.

ज्योत्स्ना : फोटोत पाय नसले तर चालतं.

नाना : तुम्हाले चालत आसंल. आमची माय म्हने, फोटोत मानूस आख्खा पाह्यजे. अर्ध्या मानसाले कोन वळखते?

डिंपल : म्हणून सगळे असे ताठ उभे? ही भातवाली, हा नाववाला, हा मंदिरातला म्हातारा. शाळेतल्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. आणि हे काय, केळीचा घड?

नाना : कंबोडियातला. अकरा फण्याचा. मालकाले इचारून काहाडला.

डिंपल : घडासाठीही परवानगी?

नाना : मंग? तुह्या बापाच्या स्टुडिओत घुसून मी काही उचलू का? मालक लई खूश झाला. मले सारा मळा फिरोला. त्याचं खोडाबुडचं पील जरा दाट व्हतं. म्हनलं, काढून टाक, नाह्यतर घड लहान निंघीन.

ज्योत्स्ना : मग काढलं त्यानं?

नाना : मी काहाडलं. दोन वळी. तवा तर बस सुटली माही.

डिंपल : बस नाही, बोट. आणि सुटली नाही, मी नावाड्याच्या हातापाया पडून थांबवली. बरं, न्हावी, भातवाली आणि घड. झाले तीन. मॅडम, आता तुमचा मोठा उघडा. मी अजून एवढा मोठा छापलेला पाहिलाच नाही.

ज्योत्स्ना : हळू. काच आहे. ती दोरी कापू नकोस, सोडव.

डिंपल : चार फूट बाय तीन. दारातून पाऊल टाकलं की समोर हाच. आणि पोस्टरवरही… आई गं! मॅडम!

ज्योत्स्ना : बरा आलाय ना?

डिंपल : बरा? बाई हसतेय ते ऐकू येतंय मला. धुळ्याहून कोण कोण येणार आहे?

ज्योत्स्ना : बहीण, दोन भाचे आणि माझ्या जुन्या नऊ विद्यार्थिनी. गाडी करून येताहेत. एक तर नंदुरबारहून.

डिंपल : मग उद्या भाव खाऊन घ्या.

ज्योत्स्ना : भाव नाही गं. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं मी फोटो काढते आणि घरी जाऊन त्यात चुका शोधते. सवयच तशी, पेपर तपासण्याची. उजेड जास्त झाला, फोकस कानावर गेला, कुणाचं तरी बोट कापलं गेलं. या एका फोटोत मला चूक सापडत नाही. दोन महिने शोधतेय.

डिंपल : नाना, तुम्ही एवढं काय निरखताय? पाय दिसत नाहीत म्हणून?

नाना : ही तर केओबाई हाये.

ज्योत्स्ना : कोण?

नाना : केओबाई. लाओसातली, लुआंग प्रबांगच्या सकाळच्या बाजारातली. केळफूल इकते ती. तिघी बहिनी, दोन पोरं, मालक देवाघरी. बाई, हा तुम्ही कवा काहाडला?

ज्योत्स्ना : त्याच सकाळी. मी रस्त्याच्या पलीकडे, रिक्षाच्या आडोशाला होते. साधारण अठरा मीटरवर. लांबची लेन्स होती.

नाना : मी तिच्या म्होरं बसेल व्हतो. लहान्या लाल खुर्चीवर.

ज्योत्स्ना : म्हणजे… हा डाव्या कोपऱ्यातला पांढरा धूसर आकार?

नाना : माही टोपी.

डिंपल : नाना, तुम्ही मॅडमच्या फोटोत आहात! तेही न विचारता!

ज्योत्स्ना : मला वाटलं पिशवी आहे. मी तो कोपरा कापणार होते.

नाना : माह्या टोपीचं जाऊ द्या. पन केओबाईनं फोटोले नही म्हनलं व्हतं.

डिंपल : नाही म्हणाली? कुणाला?

नाना : मलेच. बुनमी, आपला गाइड, तो मधी व्हता. घंटाभर बोललो. समदं सांग्तलं तिनं. मंग म्हनलं, एक फोटो काहाडू का? तं तोंडावर हात ठेवला. म्हने, आज नको. वरचे दात पडलेत. सोमवारी नवी कवळी येनार हाये, सोमवारी ये.

डिंपल : आणि आपण शनिवारीच निघालो.

नाना : मी म्हनलं, बरं. कॅमेरा पिशवीत घालून देला.

डिंपल : पण इथे तर ती तोंडभर हसतेय, नाना.

नाना : ते आधीचं. मी सांगू राह्यलो व्हतो का, आमच्याकडे घड निसवला, फण्या सुटल्या, का केळफूल कापून बांधावर फेकतो. ती म्हने, किती? म्हनलं, माही चार हजार खोडं, चार हजार फुलं. बुनमीनं सांग्तलं, अन् ती जे हासाले लागली! शेजारनीले बलावलं. म्हने, पाहा ह्या मानसाले, बाजार फेकून देते आन् फोटो काहाडाले आमच्याकडे येते!

ज्योत्स्ना : म्हणजे ती तुम्हाला हसत होती.

नाना : मलेच. दुसरं कोन व्हतं तठी?

ज्योत्स्ना : मी रोज सांगत होते सगळ्यांना, की हा क्षण मी टिपला. वाट पाहिली, उजेड जुळवला आणि टिपला. तो तर तुम्ही घंटाभर बसून तयार केला होता.

नाना : तसं काही नही बाई. फोटो गोड आला हाये. लावा तुम्ही. मी काय लाओसले सांगाले जाऊ राह्यलो?

डिंपल : खरंच, मॅडम. ती नाही म्हणाली ती नानांना. तुम्ही अठरा मीटरवर. तुम्हाला कुठे ऐकू आलं? तुम्ही नियम मोडलाच नाही.

ज्योत्स्ना : मी विचारलंच नाही, म्हणून ऐकू आलं नाही. याला नियम पाळणं म्हणत नाहीत, डिंपल.

डिंपल : पोस्टर छापलंय, मॅडम.

ज्योत्स्ना : माहीत आहे.

डिंपल : आणि जळगावात कोण येऊन तिला सांगणार आहे?

ज्योत्स्ना : कुणीही नाही. पण उद्या मी या फोटोखाली उभी राहणार. माझ्या मुली विचारतील, बाई, ही कोण? मी काय सांगू? हिचे दात सोमवारी येणार होते, मी शनिवारच्या आधीच उरकून घेतलं?

नाना : आता असं करू नका. माह्या तोंडाले कुलूप पाह्यजे व्हतं.

ज्योत्स्ना : नाही नाना, बरं झालं. मला वाटत होतं, चूक सापडत नाही. ती फोटोच्या बाहेर होती. डिंपल, लाओसमध्ये आत्ता किती वाजलेत?

डिंपल : आपले पावणेनऊ, म्हणजे तिथे सव्वादहा. का?

ज्योत्स्ना : बाजार केव्हा उठतो?

नाना : साडेधाले दुकानावरचं पाल गुंडाळते ती.

ज्योत्स्ना : मग बुनमीला फोन लाव. हा फोटो पाठव त्याला. त्यानं तिला दाखवायचा आणि विचारायचं, उद्या लावू का.

डिंपल : आणि ती नाही म्हणाली तर?

ज्योत्स्ना : तर दारासमोर नुसता खिळा राहील. लाव फोन. थांब, फोटो मीच पाठवते. पाठवायचा तर माझ्या हातानं जाऊ दे.

डिंपल : हॅलो, बुनमी? हो, हो, मजेत. ऐक ना… नाना, तुमच्या नावानं ओरडला तो. 'बनाना नाना' म्हणतो तुम्हाला.

नाना : मालूम हाये. त्याले सांग, लवकर चाल.

डिंपल : निघाला. स्कूटर काढतोय. म्हणतो, पाच मिनिटं.

नाना : तवर चहा सांग कोनाले तरी.

ज्योत्स्ना : मला नको. बोर्डाच्या निकालाच्या दिवशीही मी घेत नसे.

नाना : तुमच्या पोरी नापास होत का?

ज्योत्स्ना : एकदाच एक झाली होती. तीच उद्या नंदुरबारहून येते आहे.

डिंपल : पोचला! आहे, आहे ती. पाल सोडतेय. थांबा… फोटो दाखवला त्यानं. बघतेय.

नाना : काय म्हने?

डिंपल : फोन जवळ धरून बघतेय, म्हणतो. अजून बघतेय. आता शेजारणीला दाखवला. आता… हा कसला गोंधळ? पाच-सहा बायका एकदम बोलताहेत.

ज्योत्स्ना : चिडली का?

डिंपल : हसताहेत, मॅडम. सगळ्या हसताहेत. बुनमी, नीट सांग. हां… हां… ओह. मॅडम, ती म्हणते, ही मी नाही. ही माझी आई आहे.

ज्योत्स्ना : म्हणजे?

डिंपल : दात नसलेली ती हुबेहूब तिच्या आईसारखी दिसते. आईही याच जागेवर केळफुलं विकायची, असंच तोंड उघडून हसायची. तिच्या आईचा फोटो कुणी काढलाच नव्हता. शेजारणी म्हणताहेत, म्हातारी परत बाजारात येऊन बसली.

नाना : पाह्यलं! मले मायचं सांग्तलं व्हतं तिनं. मी इसरलो.

ज्योत्स्ना : लावायचं विचार, डिंपल. ते विचारलं नाहीस.

डिंपल : विचारतेय… बुनमी, उद्या इथे लावायला चालेल का? हां. हां. बरं. हो, कळलं.

ज्योत्स्ना : सांग.

डिंपल : नाही म्हणते, मॅडम. परक्या गावात आईला कशाला उभं करायचं, म्हणते. तिथे मला उभं करा. आता दात आलेत. बुनमी तिचा फोटो काढून पाठवतोय… हा बघा, आलाच.

नाना : आरे वा! कवळी कशी चमकू राह्यली! आन् पाह्य, चपलेसकट आख्खी उभी हाये. आता झाला फोटो!

डिंपल : सगळे दात दाखवलेले, डोळे विस्फारलेले, मागे कुणाचं तरी अर्धं डोकं. मॅडम, हा चार बाय तीनमध्ये कसा दिसेल?

ज्योत्स्ना : फाटेल, ठिपके ठिपके दिसतील. पण तिनं दिलाय. बाबांना सांग, संध्याकाळपर्यंत छापा. आणि खाली नाव बुनमीचं घाल. पोस्टरवरही हाच चिकटव.

डिंपल : आणि तुमचे पाहुणे? तुमच्या मुली?

ज्योत्स्ना : येऊ देत. माझे दुसरे दोन आहेत की टांगायला. त्यांत चुकाही आहेत. शोधायला मजा येईल त्यांना.

नाना : बाई, तुम्हाले वाईट वाटू राह्यलं का?

ज्योत्स्ना : वाटतंय. खोटं कशाला सांगू? पण इतकंही नाही.

डिंपल : थांबा, बुनमी अजून बोलतोय. मॅडम, ती तुम्हाला विचारतेय. तो आईचा फोटो मला मिळेल का, म्हणते. घरात लावायचाय. देतील का त्या बाई?

ज्योत्स्ना : मला विचारते?

डिंपल : हो. फोटो तुमचा आहे ना, म्हणते.

नाना : बोला की बाई. ती तठी पाल हातात धरून उभी आसंल.

ज्योत्स्ना : हो म्हणावं. आणि तिला विचार, तिची भिंत केवढी आहे.