पडद्यावरचे ‘ठीक’

चहा गाळून होईपर्यंत एवढे ऐकून घ्या. माझी सून नंदिनी पनवेलच्या घरी बसून करंजा बंदरातील एका शीतगृहासाठी क्लोजर भाषेत प्रोग्राम लिहिते. यंत्राचा संदेश आला की त्याचा प्रकार पाहून योग्य ते फंक्शन आपोआप निवडले जाते. प्रकार अनोळखी असल्यास क्लोजर स्वतः एरर देते आणि पडदा लाल होतो. परंतु नंदिनीने तेथे आपले डिफॉल्ट, म्हणजे दुसरे कोणतेच जुळले नाही तर चालणारे, फंक्शन बसवले होते, आणि ते सरळ ‘ठीक’ असे उत्तर देई.

ही भाषा मी निवृत्तीनंतर पुस्तकांवरून शिकलो. म्हणून एका सकाळी तिला म्हणालो, "जे ओळखता येत नाही, त्याला ठीक म्हणू नये."

"बाबा, स्क्रीन लाल झाली की क्लायंट घाबरतात."

त्याच दुपारी शीतगृहाच्या मालकांचा, नाखवांचा, फोन आला. "पोरी, नव्या खोलीत बर्फाचा पानी झाला! आख्खी पापलेट आत हाय, आन तुजा पडदा बोलतो सगला ठीक हाय!"

नव्या खोलीतील यंत्रही नवे होते. त्याचा संदेश कोणत्याच फंक्शनला ठाऊक नव्हता. नंदिनीने चालत्या प्रोग्राममधून डिफॉल्ट काढून टाकले. पडदा तत्क्षणी लाल झाला: ‘अनोळखी प्रकार: कॉम्प्रेसर बंद’.

"नाखवा, कॉम्प्रेसर बंद आहे! मासळी जुन्या खोलीत हलवा!"

फोनवर आरडाओरडा ऐकू येत राहिला. अखेर नाखवा बोलले, "वाचली मासली. पन ह्यो लाल रंग सकालीच का नाय दावला?"

"तुम्ही घाबराल म्हणून..."

"अगो बाय, टायमाला घाबरवायलाच तं तुला ठेवलाय!"