आजची बटणं

बायको वारली, तिचं नाव कमी करायला मी भत्त्याच्या कचेरीत रांगेत उभा होतो. पुढे एक जोडपं होतं. नवऱ्याचा उजवा हात पक्षाघाताने लुळा पडलेला. खिडकीतल्या बाई फॉर्म भरत होत्या.

“वेगळे झालात, म्हणजे अपंग भत्त्याची तपासणी नव्याने होणार. आंघोळ स्वतः करता?”

“करतो.”

“जेवण?”

“करतो की! मला कोणाची गरज नाही.”

“अहो, तोंड आवरा. सगळं येतं म्हणालात तर भत्ता बंद होईल.”

“तू गप्प बस. तू आता माझी कोणी नाहीस.”

“म्हणूनच खरं बोलते. मॅडम, यांना साधी बाटली उघडता येत नाही. नुसता तोरा आहे.”

“शर्टाची बटणं लावता येतात?”

“येतात.”

“आजची कोणी लावली?”

“हिने.”

“पण तुम्ही वेगळे राहता ना?”

“राहतो. ही सकाळी येते, बटणं लावते, भांडते आणि जाते.”

“मदतनीस म्हणून कोणाचं नाव लिहू? नाव नसेल तर अर्ज परत येईल.”

“हिचंच लिहा. दुसरं कोण टिकणार?”

“नातं?”

“काही नाही.”

“तसं चालत नाही.”

“शेजारीण लिहा, मॅडम. समोरची खोली घेतलीय मी.”

“समोरची? तू बहिणीकडे राहतेस ना?”

“येत्या एक तारखेपासून समोर. दोन बस बदलून भांडायला यायचं, तर अर्धा राग वाटेतच जातो.”