विजासुर सुटतो कसा

(सकाळ. कर्जत कोर्टाचा व्हरांडा.)

सोनुबाई: तरी बी सुटला? हातात बेड्या, समोर जज, मागं अख्खं गाव, आन् तुझा विजासुर सुटला?

रिया: सुटला, मावशी. चौथ्या अंकातही सुटला.

सोनुबाई: मुडदा बशिवला त्याचा! इतकी चित्रं काढतेस गं, एकदा तरी फासावर चढव की त्याला.

रिया: मग पाचवा अंक कशाचा काढू? खलनायक आत गेला की कॉमिक बंद. पण पोरं मला विचारतात, ताई, एवढा मोठा राक्षस, सगळ्या तालुक्याची वीज पितो, आणि कोर्टातून चालत बाहेर येतो कसा? ते पटेल असं दाखवावं लागतं ना.

सोनुबाई: मग? कसा येतो?

रिया: पहिल्यांदा वकील म्हणाला, मुखवट्यामागचा माणूस हाच, कशावरून? दुसऱ्यांदा त्याचा नोकरच मुखवटा घालून उभा राहिला. साहेब, मीच विजासुर.

सोनुबाई: म्हंजे आपला कमळ्याच की! गाडी चालवली शेठनं, आन् हा पोलिसांपुढं हात जोडून, ‘सायेब, मी चालवत व्हतो.’ ड्रायव्हर ठेवलाय का गुन्हे अंगावर घ्यायला?

रिया: तिसऱ्यांदा डॉक्टरचा कागद.

सोनुबाई: कंबरदुखी?

रिया: वेड लागलं म्हणून. कंबर आपल्या शेठची दुखते. आजही नाही आलेला तो, वकिलाने हजेरीमाफीचा अर्ज दिलाय. म्हणजे नुसतं बोट दाखवून आज तुझं भागायचं नाही.

सोनुबाई: आन् चौथ्यांदा काय केलं त्यानं?

रिया: काहीच नाही. साक्षीदार बाई पिंजऱ्यात आली आणि गप्प बसली.

सोनुबाई: ...माझ्यावर काढलंस व्हय गं?

रिया: तुझा हिरवा पदरच काढलाय, दातात धरलेला.

सोनुबाई: सख्ख्या मावशीची इज्जत काढतेस, लाज नाय वाटली?

रिया: वाटली, म्हणून ते पान अजून कुणाला दाखवलं नाही. मावशी, मागच्या तारखेला झालं काय होतं तुला? सगळं कसं धडाधडा सांगितलंस. सकाळचे सात, कळंबचा रस्ता, जिजामावशी दुधाची बरणी घेऊन पुढे, तू गवताचा भारा घेऊन मागे. गाडीने तिला उडवलं, चालवणारा उतरला, तिच्याकडे बघितलं, परत बसला आणि निघून गेला. टायपिस्टचे हात थांबले होते ऐकताना. मग सरकारी वकील मॅडमनी विचारलं, कोण उतरलं?

सोनुबाई: सांगितलं की. शेठ.

रिया: त्यांचा वकील म्हणाला, चुलत धरून सात शेठ आहेत.

सोनुबाई: मधला शेठ म्हणलं मी.

रिया: ‘नाव घ्या, बाई.’ आणि तू गप्प! जज थांबले, मॅडम थांबल्या, शेवटी वेळ संपली.

सोनुबाई: त्याच्या आयशीनं त्याचं नाव माझ्या नवऱ्याचंच ठेवलं, त्याला मी काय करू?

रिया: मालोजी. तीन अक्षरं आहेत, मावशी.

सोनुबाई: तुला काय, तुझं लगीन व्हायचंय अजून. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. हसू नको. बेचाळीस वर्सांत एकदा, बँकेत सायबानं अडवलं म्हून पुटपुटले. दुसऱ्याच दिशी ह्यांच्या छातीत कळ आली. पनवेलला न्यावं लागलं. आता म्हण, तीन अक्षरं हायत.

रिया: हे मला माहीत नव्हतं.

सोनुबाई: कुणालाच नाय सांगितलं. ह्यांना बी नाय.

रिया: उखाण्यात तर घेतेस ना? मग उखाणाच घे. ‘कर्जतच्या कोर्टात पंखा फिरतो गरगर, मालोजीरावांनी गाडी घातली जिजाच्या अंगावर.’

सोनुबाई: थोबाड फोडीन हां! उखाणा शुभकार्यात घेत्यात. त्यात त्या मेल्याला कशाला बसवू?

मालोजी (सोनुबाईचा नवरा, चहा घेऊन येत): काय खिदळताय गं दोघी? चहा घ्या. शिपाई म्हणतो, अर्ध्या तासात पुकारा व्हईल.

सोनुबाई: तुमी गाडीपाशी जाऊन बसा.

मालोजी: का? मागच्या बारीला बी मला भाईर काढलंस. हे बघ, तू शेठला घाबरली असशील तर तसं सांग. मी काय रागवत नाय.

सोनुबाई: घाबरते? मी? त्या मुडद्याला?

मालोजी: मंग गावात काय बोलत्यात, ठाव हाय ना? सोनुबाई फुटली म्हणत्यात.

सोनुबाई: ठाव हाय. जिजा बी तेच म्हणते. एक पाय गेला बिचारीचा. मी भाकरी घेऊन गेले तर तिनं तोंड फिरवलं भिंतीकडं. चाळीस वर्सं एका बांधावर लावणी केली आमी, आन् तिला वाटतं मी फुटले!

रिया: काका, मावशी फुटली नाही. तुमचं नाव तोंडातून निघत नाही तिच्या.

मालोजी: माझं? माझं काय काम तिथं? ...आँ! त्याचं नाव... अगं येडे! एवढ्यासाठी?

सोनुबाई: एवढ्यासाठी काय? बँकेतून आले आन् दुसऱ्या दिशी तुमी आडवे झालात.

मालोजी: त्याच्या आदल्या राती मी कमळ्याच्या पोराच्या बारशाला किती मटण हाणलं व्हतं, ते ईचार की. डॉक्टर तेच बोंबलत व्हता.

सोनुबाई: देवाच्या गोष्टी हायत, मस्करी करू नका.

मालोजी: बरं, नाय करत. पण ऐक. तू जपलंस ते नाव माझं. आन् आज त्याच नावाच्या आड तो लपलाय. माझ्या नावामुळं जिजाचा गुन्हेगार सुटला, तर मला गावात तोंड दाखवता येईल का? त्यापरीस मी दोन वर्सं कमी जगेन.

सोनुबाई: असं वंगाळ बोलू नका.

रिया: मावशी, मी मॅडमना विचारलं होतं, असे लोक सुटतात कसे? त्या म्हणाल्या, कोर्टाला आपल्या मनातलं दिसत नाही. तोंडातून निघालं आणि टाइप झालं, तेवढंच झालं असं धरतात. तू गप्प बसलीस, म्हणजे त्या सकाळी गाडीतून कुणी उतरलंच नाही.

सोनुबाई: उतरला व्हता. बूट पुसले त्यानं गवताला. जिजा डोळं मिटून ‘पाणी, पाणी’ करत व्हती, आन् ह्यो बूट पुसत व्हता.

मालोजी: मंग सांग की तसं.

सोनुबाई: ...पुकारा झाला वाटतं. रिया, चल गं. तुमी नका येऊ आत. तुमच्या म्होरं नाय जमायचं मला.

(दुपारी दीड. कोर्टाच्या पायऱ्या.)

मालोजी: काय झालं?

रिया: तीनदा घेतलं, काका! पहिल्यांदा इतकं हळू, की जज म्हणाले मोठ्याने सांगा. दुसऱ्यांदा टायपिस्टला ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा मात्र...

मालोजी: तिसऱ्यांदा मला हितं ऐकू आलं. मी ‘ओ’ दिली. वडेवाला बघायला लागला माझ्याकडं.

रिया: मग त्यांचा वकील उठला. म्हणाला, बाई, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून मागच्या वेळी गप्प होतात म्हणता, मग आज कशी जीभ सुटली? कुणी पढवलं तुम्हाला?

मालोजी: आन्?

रिया: सांग ना मावशी, तू काय म्हणालीस.

सोनुबाई: काय म्हणायचं? म्हणलं, सायेब, नाव घेत नव्हते ते नवऱ्याचं आयुष्य वाढावं म्हून. ह्या मेल्याचं मी कशाला वाढवू?

रिया: जज हसले थोडेसे, आणि म्हणाले, जसंच्या तसं लिहून घ्या. बूट पुसल्याचंही लिहिलं. पण आता शेठकडचे कमळ्याला साक्षीला उभं करणार. पुढची तारीख पडली आहे. शेठचा वकील काही इतक्यात सोडायचा नाही.

सोनुबाई: नको सोडू दे. मी बी येणार, जितक्या तारखा पडतील तितक्यांदा. ...अवो, छातीत काय व्हतंय का?

मालोजी: नाय.

सोनुबाई: खरं सांगा.

मालोजी: भूक लागली, दुसरं काय नाय. चला, घरी जाऊन जेवू.

सोनुबाई: जेवण मागनं. आदी जिजाकडं. कोण व्हता तो, ते तिला माझ्या तोंडून ऐकू दे.