कमलचे सहा चिंचोके

बुधवारी सांजच्याला आमी दोघं नवरा-बायकू वट्यावर फक्की चाळत बसलो व्हतो, मैदानावर रेघा मारायचा चुना, तेच शेवटचं. पिठाची चाळण घेतली म्हणून मी वरडलो, तर कमल म्हणली, चाळण धुता येती, पोरींची मॅच परत येत न्हाय. बेस्तरवारी सकाळी ती उठलीच न्हाय.

काय सांगू तुमाला, मी वरकुट्याचा, चौथी शिकल्याला. ती भिगवणची, शाळेची पायरीबी चढली न्हाय. नातीला क्रिकेट खेळायचं, म्हणून सोबतीला जायाला लागली आन् तितंच गुतली. पाणी न्यायची, घरोघर जाऊन आयांना पटवायची, पुढं अंपायरच झाली. लिहायला येत न्हाय, म्हणून सहा चिंचोके. एक बॉल पडला की एक चिंचोका उजव्या हातातनं डाव्या हातात, सहा सरले की ओव्हर सरली. एकदा सख्ख्या नातीला औट दिलं, पोरगी चार दिस बोलली न्हाय, तर ही म्हणती, नगं बोलू, पाय मधी व्हता.

शबाना म्हणून अकरावीतली पोर हाय, ती कप्तान. सराव तीच घेती, बारक्या पोरींना तीच शिकवती, बारामतीच्या टीमला फोनबी तिचाच. तिची आई रझिया शिवणकाम करती. तिला कमलनं अंपायरचं सगळं शिकवलं, पण गडीमाणसं बघाय उभी ऱ्हायली की रझिया मागं सरायची.

शनवारी मैदानाच्या मंडळाचा तात्या आला. आबा, काकूंच्या मानासाठी उद्या सकाळची पोरींची मॅच रद्द. मी म्हणलं, आन् दुपारची पोरांची फायनल? म्हणतो, ती व्हईल, पाव्हणं ठरल्यात. मी म्हणलं, म्हंजे कमल पोरींपुरतीच मेली काय रं? तर म्हणतो, अंपायर कोण हाय आता, आन् फ्लेक्स लावलाय की काकूंचा. त्या फ्लेक्सवर कमल एवढीशी, मंडळाच्या गड्यांची तोंडं ही एवढाली. जिती व्हती तवा पोरींना कापडं बदलायला आडोसा म्हणून चार पत्रं मागत व्हती, दोन वरसं मागत व्हती, एकानं दिलं न्हाय. मेल्यावर मान देत्यात, भाडखाव.

शबाना दारात येऊन रडली. आबा, एकदा मॅच मोडली की आया पोरींना परत पाठवायच्या न्हाईत. भाऊबंद म्हणाले, सुतक हाय, दहावा हूस्तर उंबरा वलांडू नका. मी ऐकून घेतलं आन् शबानाला म्हणलं, बारामतीच्या पोरींना येऊ दे.

दुसऱ्या दिशी उजाडल्यावर फक्कीचा डबा घेतला आन् मैदानावर गेलो. रेघ मारली, वाकडी आली. शबाना म्हणली, आबा, वाकडी हाय. मी म्हणलं, असू दे, दोन्ही टीमला सारखीच वाकडी. तात्या गाडीवरनं आला, सुतकात हितं कसं काय म्हणला. मी पिचवर मधोमध उभा ऱ्हायलो आन् म्हणलं, वढून काढ की मला, लाव हात. सुतकाच्या माणसाला शिवतोय कशाला, लांबच उभा ऱ्हायला. तवर बारामतीचा टेंपो आला, पोरी उतरल्या.

रझिया कडंला झाडाखाली व्हती. कमलच्या पिशवीतले चिंचोके तिच्या वंजळीत वतले. म्हणलं, जा बाई, तिचीच जागा हाय. गेली ती. मी जाऊन बाउंड्रीवर बसलो. पहिला बॉल पडला तसा रझियानं एक चिंचोका डाव्या हातात घेतला.