जाळीवर मांडलेला कलश

नाव पार्बताबाई शेषराव मेहरे, वय अंदाजे सत्तर (आधार कार्डावर कमी आहे, ते चुकीचे आहे असे सांगते), शिक्षण दुसरी, धंदा फुलशेती व फुले विकणे, राहणार तालुका नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती. मोबाईल स्वतःचा नाही, नातवाचा लिहावा.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारले त्यावरून सांगते की, मी वरील गावी मुलगा व सून चंदा यांच्यासोबत राहते. आमचा झेंडू आणि शेवंतीचा मळा आहे. माझा नातू कुलदीप हा घरांवर व विहिरींवर सोलर बसवण्याचे काम करतो. ते काम आज अकोल्याकडे, तर उद्या धामणगावकडे. त्यामुळे त्याचे बिऱ्हाड एका जागी टिकत नाही. गेल्या माघात त्याचे लग्न अकोल्याच्या आचलशी झाले. पोरगी गुणाची आहे. मला फोनवर फोटो कसा मोठा करून पाहायचा ते तिनेच शिकवले. मुद्द्याचे सांगा असे साहेब म्हणाले, म्हणून पुढे सांगते.

कुलदीपने एका शाळेची भंगारात निघालेली बस आणली व तिचे घर केले. आत पलंग, ओटा, कपाट, मागे न्हाणी. गावातले लोक हसले. मी हसले नाही. गाडी आमच्या झेंडूसारखी पिवळी होती आणि मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. पोरांना चढवणारी-उतरवणारी बाई जिथे बसते ती दाराजवळची शीट कुलदीपने काढली नाही. तो म्हणाला, "हे शीट तुही, आजी. आता आमच्यासंगं गावोगाव फिरजो." मी तिथे बसून पाहिले. गाडी उभीच होती, तरी मला चालल्यासारखी वाटली. मी चंदाला म्हटले, मले आता घरी शोधू नको.

गॅसची लाइन श्याम नावाच्या फिटरने टाकली. तो हॉटेलांच्या लाइनी टाकतो. येतो म्हणाला त्या दिवशी कधी आला नाही, आला की आधी चहा मागायचा. मी त्याला म्हटले, "तू फिटर आहेस का पाहुणा?" तो म्हणाला, "आजी, चहा टाकल्याशिवाय पाइप वाकत नाई." सिलिंडर त्याने गाडीलाच बाहेरून बसवलेल्या लोखंडी पेटीत ठेवले. तिथून तांब्याचा पाइप गाडीच्या तळाखालून आत ओट्यापर्यंत आणला. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. फेसाची वाटी मी धरली होती. कुठेही बुडबुडा आला नाही. मी चष्मा लावून पाहिले.

ओट्यासमोर त्याने गाडीच्या तळाच्या पत्र्याला आरपार भोक पाडले व त्यावर जाळी बसवली. ती कशाला, असे मी विचारले. तो म्हणाला, "गॅस जडबूड असते, आजी. वर जात नाई, खालीच बसून रायते. सांडला तर त्याले बाहेर जायले हे दार. याच्यावर काई ठेवजा नका." त्या वेळी माझे व्याही, म्हणजे आचलचे वडील रामराव, तिथेच उभे होते. त्यांनी लेकीसाठी काचेची नवी शेगडी आणली होती. श्याम शेगडी पाहून म्हणाला, "काका, याच्यात जाळ विझला तरी गॅस चालूच रायते. आपोआप बंद होनारी घ्या." रामराव म्हणाले, "तू पाइपाचं पाह्य. शेगडी मले शिकवू नको." श्याम हसला व त्याने तीच शेगडी जोडून दिली. जोडायला नको होती. हे त्याच्या बाजूचे नाही, तरी झाले ते सांगते.

घटनेच्या दिवशी सकाळी गाडीची पूजा होती. ही वास्तू धरायची का वाहन, यावर वाद झाला. रामराव म्हणाले, "माही लेक राह्यनार हाये, म्हंजे घरच." माझा मुलगा म्हणाला, "चाकं हायेत, म्हंजे गाडी." मी म्हटले, "दोन्ही करा बावा, देवाले काई जड होत नाई." त्यामुळे दोन्ही करायचे ठरले.

कलश मांडायला रामरावांनी जागा पाहिली. जाळी पाहून ते म्हणाले, "घराच्या जमिनीले भोक? लक्ष्मी गळून जाईन." त्यांनी जाळीवर नवे लाल कापड घडी करून टाकले व पाट ठेवला. मी म्हटले, "इवाई, तो पोरगा नाई म्हनत होता नं." ते म्हणाले, "पूजेपुरतं हाये." मग मी पाटावर गहू ओतले. ते माझ्याच हाताने ओतले, तेही लिहावे. वारा सुटला होता आणि निरांजन विझत होते, म्हणून चंदाने खिडक्या लावून घेतल्या.

आचलने शेगडीवर दूध ठेवले. आमच्यात नव्या घरात पहिले दूध उतू घालतात. दूध भरभरून उतू गेले, ओट्यावरून खाली आले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी पोरीची दृष्ट काढली. इतक्यात माझ्या मुलाने बाहेरून हाक मारली, चाकाखाली लिंबू ठेवले आहे, नारळ फोडायचा आहे. आम्ही सर्व खाली उतरलो. उतू घातलेल्या दुधाखालचा जाळ आम्ही बायका लगेच बंद करत नाही, शकुनाचे असते. तो जाळ दुधाने आधीच विझला होता हे कोणी पाहिले नाही. बटण कोणी फिरवले नाही.

नारळ फोडला, गाडी हातभर पुढे घेतली, लिंबू चिरडले, प्रसाद वाटला, फोटो काढले. मग आरती करायची म्हणून, वात संपून विझलेले निरांजन पुन्हा लावायला आचल काडीपेटी घेऊन वर गेली. आवाज झाला. पिशवी फुटावी तसा झाला, मोठा नव्हता.

कुलदीपने तिला उचलून बाहेर आणले. माझ्या मुलाने बाहेरच्या पेटीतून सिलिंडर बंद केले. नंतर मी आत डोकावले, तेव्हा शेगडीचे बटण चालूवरच होते. शेगडीवर दूध करपलेले होते. पाट जाळीवरच होता.

आचलचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत व हात भाजले आहेत. तिला अमरावतीला दवाखान्यात ठेवले आहे. तिच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा होता. तो नर्सबाईने फोडला. फोडला असे लिहू नये, वाढवला असे लिहावे. तुकडे माझ्या पिशवीत आहेत.

जोड गळत होता म्हणून हे झाले, अशी फिर्याद रामरावांनी दिली आहे. त्यावरून श्यामला आणले आहे. येताना मला तो बाकड्यावर दिसला. तो म्हणाला, "आजी, जाळीचं सांगजा." रामराव त्याच्या पलीकडे बसले होते. त्यांनी मला नमस्कार केला.

मी काल दवाखान्यात गेले होते. कुलदीप औषध आणायला खाली गेला तेव्हा आचल म्हणाली, "आजी, बाबाचं नाव नका घेजा. त्यायनं माह्यासाठीच केलं." मी तिला चमच्याने पाणी पाजले.

रामरावांनी वाईट मनाने काही केले, असे माझे म्हणणे नाही. तो माणूस घटनेपासून जेवलेला नाही. पण जोड गळत नव्हता. वाटी माझ्या हातात होती.

गाडी सध्या ठाण्याच्या आवारात उभी आहे. दारातून माझी शीट दिसते, ती जळालेली नाही.

साहेबांनी हा सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. रामरावांचे नाव आले तिथे ते थांबले व दाराकडे पाहून म्हणाले, "आजी, हे असंच राहू देऊ?" मी म्हटले, "वाचा पुढं." पुढचेही ऐकले. मी बोलले तसेच कागदावर आहे, म्हणून खाली माझ्या हाताने सही करते.

पार्बता