खाटेची रेल्वे

आमच्या खाटेची रेल्वे तुम्हाला सांगितली का मी? साखर कारखान्यातल्या जुन्या ट्रॉलीच्या रुळांवर भंगारातल्या गाड्यांची शर्यत होती. आम्ही वर्कशॉपवाले, समोर बॉयलरवाले. हरेल त्यानं मटण घालायचं. आमची गाडी म्हणजे लोखंडी खाट, खाली ट्रॉलीची चाकं.

निघताना आमचे फिटर सर्जेराव अडून बसले. "नारळ फोडल्याबिगर गाडी हलायची न्हाई."

आणि फोडला कुठं, तर आमच्याच रुळावर!

शिट्टी झाली. चाक करवंटीवर चढलं आणि खाट आम्हा चौघांसकट उसाच्या भुशाच्या ढिगात. बॉयलरवाले हसत पुढं गेले.

मी ओरडलो, "सर्जेराव, तुमच्या नारळानं घात केला!"

तोंडातला भुसा थुंकत सर्जेराव म्हणाले, "नारळ फोडला म्हून वाचलो. न्हाईतर आज एकबी उठला नसता."