रंगुबाईंच्या वहीतली पाच वाक्यं

दि. २१ जानेवारी २०२५, मंगळवार

मी, रंगुबाई पुंजाराम ढाकणे, वय ५४ वर्षे, धंदा फुले व प्रसाद विक्री, शिक्षण सातवी पास, मूळ राहणार तालुका पाथर्डी, हल्ली राहणार शिर्डी, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर. पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते, ते असे. शिक्षणाची जागा आधी कोरी सोडली होती, ती मी भरायला लावली.

देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं फुलांचं दुकान एकोणीस वर्षं आहे. गिऱ्हाईक आमच्याकडून हार-नारळ घेतं आणि चपला, पिशव्या, मोबाईल आमच्यापाशी ठेवून दर्शनाला जातं. पावती नसते की बिल्ला नसतो. ज्याने ठेवलं त्याच्याच हातात परत द्यायचं, हा आमच्या ओळीचा नियम. एकोणीस वर्षांत माझ्या दुकानातून कुणाच्या चपलेचा अंगठासुद्धा गेलेला नाही.

मागच्या दिवाळीत दूरच्या मुलखातल्या एका बाईने तिची पिशवी कोण सांभाळणार म्हणून मला इंग्रजीत विचारलं. मी नुसती मान हलवली. ती शेजारच्या गोरक्षच्या दुकानात गेली. मला ते फार लागलं. माझी मुलगी स्नेहल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, तिला त्याच दिवशी मास्तरीण केलं. सांभाळणं म्हणजे लुक आफ्टर, हे तिने शिकवलं. आमचा धंदाच तो, म्हणून सुरुवात तिथून केली. रोज त्याच शब्दांची पाच वाक्यं लिहायची, वर तारीख आणि वेळ घालायची. तिचा दंडक असा, की वाक्य चुकलं तरी चालेल, पण त्या दिवशी खरोखर घडलं तेवढंच लिहायचं. याची जबाबात गरज नाही असं मला सांगण्यात आलं. गरज आहे, असं मी सांगितलं.

आज सकाळी १०.४० च्या सुमारास सरोजा नावाच्या तामिळनाडूकडच्या बाई, त्यांचे मालक आणि दीर असे तिघे दुकानात आले. त्यांनी दोन हार घेतले. बाईंनी लाल पिशवी माझ्याकडे दिली. मी त्यांना इंग्रजीत म्हटलं, "आय विल लुक आफ्टर युवर बॅग." बाई हसल्या आणि निर्धास्त गेल्या. गोरक्ष हातातलं गिऱ्हाईक सोडून बघत राहिला.

बारा वाजता त्यांचा दीर एकटाच आला. अंगात हिरवा स्वेटर होता. त्याने पिशवीकडे बोट केलं. सकाळी तो त्यांच्याबरोबर होता म्हणून मी पिशवी दिली. नियम मोडला, ही माझी चूक आहे आणि ती माझ्या नावावर लिहावी. त्यानंतर गर्दी ओसरली, तेव्हा १२.१० ला मी वही काढून आजची पाच वाक्यं लिहिली.

१.१५ ला सरोजाबाई आणि त्यांचे मालक दर्शनाहून आले आणि पिशवी मागू लागले. आत बाईंच्या आईच्या बांगड्या होत्या, हे नंतर कळलं. मी दिराकडे बोट केलं. तोही तिथेच उभा होता. त्याने मान हलवून नाही म्हटलं. मालकांना थोडं हिंदी येतं. हार घेतल्यावर आपला भाऊ गाडीत जाऊन झोपला होता, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. माणसं जमली. चोर हा शब्द मला मराठीत आणि हिंदीत, दोन्हीकडून ऐकू आला. गोरक्ष मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत्या, काय तरी भरपाई देऊन मिटवून टाका. लई बोभाटा झाला तर उद्यापासून आपल्या ओळीत कुनी पिशवी ठेवनार न्हाई." तो वाईट हेतूने बोलला नाही. पण भरपाई दिली असती तर मी चोर ठरले असते आणि मेल्यावरही चोरच राहिले असते. मी दुकान त्याच्यावर सोडलं, वही घेतली आणि आपल्या पायांनी इथे आले. ते तिघेही माझ्या मागोमाग आले.

ठाण्यात महिला पोलीस पंकजा मॅडम होत्या. मी त्यांच्यापुढे वही ठेवली आणि ती माझ्या आधी सरोजाबाईंना वाचायला द्या, असं सांगितलं. वहीत इंग्रजी अक्षरं आहेत, इथे मराठीत घेतली आहेत. आजच्या पानावरचं तिसरं, चौथं आणि पाचवं वाक्य असं : "द मॅन इन द ग्रीन स्वेटर केम. आय गेव्ह हिम द रेड बॅग. नाऊ ही इज लुकिंग आफ्टर इट."

सरोजाबाईंनी अक्षरांखाली बोट धरून एकदा मनात वाचलं आणि एकदा मोठ्याने. मग मागची पानं चाळली. तिथे रोजच्या पिशव्या, चपला, एक पोपटाचा पिंजरा, सगळं तारखेनिशी होतं. त्यांनी वही मिटली आणि दिराला त्यांच्या भाषेत एकच प्रश्न विचारला. ती भाषा मला येत नाही, पण मीही दोन दिरांची वहिनी आहे, मला समजला. तो खाली बसला आणि रडू लागला.

तो जे बोलला ते मालकांनी हिंदीत सांगितलं, ते असं. त्याला भूक लागली होती. जेवणाचे पैसे पिशवीत होते म्हणून ती घेऊन तो जेवायला गेला आणि ती खाणावळीत बाकाखाली विसरला. थोरल्या भावाच्या धाकाने बोलला नाही. या बाईला आपली भाषा येत नाही, ती कुणाला काय सांगणार, असं त्याला वाटलं. तिथे तो चुकला. २.३० वाजता खाणावळीच्या मालकाने ठेवलेली पिशवी बांगड्यांसह मिळाली. सरोजाबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि इंग्रजीत विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं. मी म्हटलं, "माय डॉटर." हे सांगताना मला फार अभिमान वाटला. अभिमान हा शब्द तसाच लिहावा.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. त्या मुलाला मारू नये, एवढं मी त्याच्या भावाला सांगितलं आहे.

चौकशीच्या कागदांसाठी वही गुरुवारपर्यंत ठाण्यात ठेवावी लागेल, असं पंकजा मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, "एकोनीस वर्सं मी बिनपावतीचं सांभाळते मॅडम, पन तुमी मला लिहून द्या. इंग्रजीत द्या." त्यांनी चिठ्ठी लिहिली : "आय अ‍ॅम लुकिंग आफ्टर रंगुबाईज नोटबुक. आय विल रिटर्न इट ऑन थर्सडे." खाली सही केली. मी अक्षर न् अक्षर लावून पाहिलं आणि मगच वही त्यांच्या हातात दिली.

अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे आला होता, तो मी सरकवून सही करत आहे. माझा जबाब पंकजा मॅडमनी मला वाचून दाखवला. त्यांची चिठ्ठी मी त्यांना वाचून दाखवली. दोन्ही बरोबर आहेत.

सही : रंगुबाई पुंजाराम ढाकणे